पुलात सामील

आमच्या रिसोडात तेव्हा दोन भोंगे होते. एक जुन्या जिनचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, आणि एक नव्या जिनचा. जुन्याचा आवाज घोगरा, सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा. नव्याचा बारीक आणि लांबलचक. कापूस निघायला लागला की दिवाळीपासून होळीपर्यंत दोन्ही भोंगे सकाळी लागोपाठ वाजायचे, आणि गावातली कामाची माणसं त्या दोन आवाजांत वाटली जायची. आमच्या घरी नव्याचा भोंगा वाजला की माझी अम्मा चुलीसमोरून उठायची. "मायावाला वाजला," म्हणायची. कारखान्याचा मालक कोण्या सेठाचा पोरगा होता, पण भोंगा अम्माचा! परातीतलं उरलेलं पीठ माझ्यावर सोपवून, भाकर आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून ती निघायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा डोक्यापासून भुवयांपर्यंत पांढरी झालेली असायची. रुईचे तंतू केसांत, कानांत, नाकात. दाराबाहेर पदर झटकायची आणि खोकायची. तो खोकला आला की आमच्या कोंबड्यासुद्धा खुराड्याकडं वळायच्या, इतकी त्याची वेळ ठरलेली.

आम्ही पिंजारी. घरातली बोली अर्धी वऱ्हाडी, अर्धी मुसलमानी, आणि भांडण झालं तर पूर्ण वऱ्हाडी. अब्बा खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली गाद्या-रजया पिंजत फिरायचे. धनुकलीच्या तातीचा तांय-तांय आवाज तिसऱ्या गल्लीतून ओळखू यायचा. त्यांची आई, म्हणजे माझी दादी, हातचरखीवर कापसातली सरकी काढायची. जिन आले आणि दादीची चरखी बसली ती बसलीच. माझ्या लहानपणी त्या चरखीवर आम्ही ओले कपडे वाळत घालायचो. दादी मरेपर्यंत त्या यंत्राला शिव्या देत राहिली आणि तिची सून त्याच यंत्रावर कामाला जात राहिली. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोट होतं ना.

अम्मा बारा नंबरच्या रेच्यावर होती. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. चामड्याचा एक लाट, म्हणजे रूळ, फिरतो, त्याला लागून सुरी, आणि बाईनं मागं उभं राहून मुठीमुठीनं कापूस टाकत राहायचा. रुई पुढं पडते, सरकी खाली. सांगायला इतकंच आहे. पण मूठ जास्त पडली की रेचा अडकतो, चामडं जळतं, घाण वास सुटतो. कमी पडली की लाट रिकामा फिरून झिजतो. दुपारी मी कधी पाण्याची घागर घेऊन जायचे तेव्हा पाहायचे. त्या घरघराटात माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण अम्मा मान थोडी तिरपी करून आपल्या रेच्याचा आवाज त्यातून वेगळा काढायची आणि तेवढ्यावर हाताचा वेग बदलायची. डोळे कुठंही असोत. शेजारच्या अकरा नंबरवर गोदामावशी होती, आमच्याच गल्लीतली. ती म्हणायची, "रहिमतबीचा रेचा मुका हाय वो, कुरकुर म्हनून करत नाई!" अम्माला ते फार आवडायचं. कौतुक म्हणून तिच्या वाट्याला आयुष्यात जे आलं ते एवढंच, आणि तेही एका यंत्राचं नाव घेऊन.

गाव आणि नवा जिन यांच्यामध्ये एक नाला होता. दिवाळी उलटेपर्यंत त्याला मांडीएवढं पाणी. कापसाच्या गाड्या त्यात रुतायच्या, बायका लुगडी खोचून पार व्हायच्या, एक वर्ष तर गोदामावशीची भाकर वाहून गेली आणि ती दिवसभर सगळ्यांच्या फडक्यातलं थोडं थोडं खात राहिली. "इथी पूल पायजे," हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत होते. दरवर्षी कोणी ना कोणी सांगायचं की यंदा होते. आणि गल्लीतली वाचता येणारी पोरगी मी एकटी. मराठी चौथीत होते. अब्बांना ते फारसं पसंत नव्हतं, पण अम्मानं हट्ट धरला होता. तिचा रेचा चालू होता तोवर तिचा हट्ट घरात चालत होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच नव्या जिनच्या फाटकावर एक कागद चिकटवला. गोदामावशी मला शाळेतून ओढत घेऊन गेली. फाटकासमोर पंधरा-वीस बायका जमलेल्या. मी मोठ्या ऐटीत पुढं झाले, घसा साफ केला आणि मास्तरांसारखं वाचलं: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर जिन यंदाच्या हंगामापासून पुलात सामील झाले आहे. कामगारांनी पुढील सूचनेपर्यंत थांबावे."

"म्हंजे काय?" गोदामावशीनं विचारलं.

"म्हंजे पूल होऊन राह्यला," मी म्हटलं. "सेठजी पुलात सामील झाले. पूल झाला का जिन सुरू."

बापा, काय आनंद झाला त्या बायकांना! एकीनं माझी अलाबला घेतली. एकजण म्हणाली, सेठाचं भलं होवो, आता लेकुरवाळ्या बायांचे हाल संपले. अम्मानं घरी येताना दुकानातून गूळ घेतला आणि त्या संध्याकाळी आमच्याकडं गुळाचा शिरा झाला. शिऱ्यात तूप नव्हतं, पण शिराच होता तो. "माया पोरीनं वाचलं," हे ती अब्बांना तीनदा म्हणाली. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, सरकारी कागद वाचले, लोकांचे अर्ज लिहून दिले. पण वाचल्याबद्दल शिरा मिळाला तो तेवढाच, आणि तोही चुकीच्या वाचनाबद्दल.

चारच दिवसांनी जुन्या जिनचा मुकादम आमच्या दारात आला. चांगल्या हाताच्या बायका हंगामाआधी फोडून न्यायच्या, ही दोन्ही जिनची जुनी ओढाताण. त्यातूनच तर मजुरी थोडीफार वर सरकायची. तो ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "रहिमतबी, औंदा इकडं ये. सात नंबर तुले देतो. तुया संग दहा बाया आन, त्याहीले बी घेतो."

"काहून? आमचा जिन हाय ना," अम्मा म्हणाली.

"कागद लागला म्हंते तिकडं."

"लागला ना. पूल होऊन राह्यला. तवर थांबा लिवलं. आमी थांबतो."

"कोनता पूल?"

"नाल्यावरचा, अजून कोनता! माया पोरीनं वाचलं."

मुकादमानं माझ्याकडं पाहिलं. त्याला खरं माहीत होतं की नव्हतं, ते आजही मला सांगता येत नाही. तो उठला, धोतर झटकलं, "पाह्य बापा, मंग म्हनशीन सांगतलं नाई," एवढं म्हणून गेला. आणि अम्मानं गल्लीत फिरून सगळ्या बायकांना सांगितलं की कोणी तिकडं जायचं नाही, आपल्या जागा आपल्यासाठी आहेत. तिचा शब्द बायका मानायच्या. सगळ्या थांबल्या.

नशीब असं खोडसाळ की पंधरा दिवसांत नाल्याच्या अलीकडं खरंच दगड येऊन पडले. गाड्याच्या गाड्या. गोदामावशी तिथं गिट्टी फोडायला लागली आणि संध्याकाळी सांगत यायची, पुलाचं काम जोरात हाय. दिवाळी आली, गेली. वाशिमच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागली. जुन्या जिनचा घोगरा भोंगा वाजला. अम्मा चुलीसमोरून अर्धी उठली, थांबली, पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग दगडही उचलले गेले. ते वाशिमच्या रस्त्यासाठी होते. नाल्याचं पाणी तोवर आटून घोट्यावर आलं होतं. पुलाची गरजच संपली, आणि पूल नव्हताच.

अम्मा सहा-सात बायकांना घेऊन मुनिमाकडं गेली. मीही मागं. नव्या जिनचे मुनीम सेठाच्या दुकानातच बसायचे. सेठाच्या माडीवर तेव्हा नवीन खोल्या चढत होत्या, गवंडी वरून चुना सांडत होते, आणि आम्ही खाली उन्हात उभ्या.

"मुनीमजी, पूल कवा होते?" अम्मानं विचारलं.

"कसला पूल?"

"ज्यात सेठ सामील झाले थो."

मुनिमांनी लेखणी खाली ठेवली. मग हसायला लागले. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी आतल्या दोघांना बोलावून अम्माकडून तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. अम्मानं म्हटलं! तिला वाटलं खरंच ऐकू आलं नसेल. मग मुनिमांनी समजावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते असं लोक म्हणत. मी म्हणत नाही. "अवो बाई, हा पान्यावरचा पूल नोय. इंग्रजीतला हाय. दोन सेठाईनं एकी केली. दोन्ही जिन चालले तं भाव पाडा लागते, तुमाले मजुरी वाढवून द्या लागते. म्हनून एकच चालवाचा, जुनावाला. सरकी काढाचा भाव वाढवाचा आन नफा दोघाईनं वाटून घ्याचा. आपला जिन बंद राह्यला तरी आपला हिस्सा घरी येते."

अम्माला ते समजायला वेळ लागला. तिनं हातानं रेच्यावर मूठ टाकल्यासारखं करून विचारलं, "म्हंजे रेचा न फिरवताच पैसे?"

"हो."

"बंद ठेवल्याचे?"

"हो म्हनलं ना."

"मंग आमालेबी न आल्याची मजुरी द्या," अम्मा म्हणाली. "आमीबी दिवाईपासून काम नाई करून राह्यलो. बराबर बंद हावो."

ती थट्टा करत नव्हती. तिला वाटलं, असा नवा कायदा निघाला असेल तर तो सगळ्यांना असेल. मुनिमांचं हसणं मात्र तिथं थांबलं. ते म्हणाले, "चला, निघा आता, काम हाय आमाले."

इथं थोडं आजचं सांगते. अलीकडंच माझ्या जावयाच्या बँकेत कॉम्प्युटर आले आणि त्याला 'स्वेच्छानिवृत्ती' मिळाली. मी तो कागद वाचला. पोरगी रडत होती आणि मी त्या एका शब्दावर बोट ठेवून बसले होते. स्वेच्छा! कोणाची? त्याची तर नव्हती. मी शब्दकोश घरात तीन ठेवले आहेत, तिन्हींत 'स्वतःची इच्छा' असाच अर्थ दिला आहे. तेव्हा चौथीतल्या पोरीनं पूल म्हणजे पूल असं वाचलं, तर तिला कोण्या तोंडानं दोष द्यायचा? पण तेव्हा दिला गेला. गल्लीत शिरताना गोदामावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "पोट्टीच्या शिकन्यापायी आमचा हंगाम गेला." अम्मा वळून म्हणाली, "तिनं लिवलं तेच वाचलं. मतलब मी सांगतला तुमाले. मले बोल." मतलब मीच सांगितला होता. गोदामावशीला ते माहीत होतं, तरी ती आपल्या घराकडं वळली. मी मात्र त्या दिवसापासून वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली की शेजारणीला पुढं करायचे.

जुन्या जिनमध्ये रेचे केव्हाच भरले होते. दोन जिनच्या बायका आता एका फाटकाशी, तेव्हा मुकादमाला कोणाच्या ओट्यावर जाऊन पाणी प्यायची गरज उरली नव्हती. उलट मजुरी उतरली. त्यानं अम्माला अंगणात कापसातला काडीकचरा वेचायला बसवलं, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत, निम्म्या मजुरीवर. बारा नंबरवाली रहिमतबी उन्हात पानं वेचत होती. घरी फरक दिसला तो एवढाच, की तिचा खोकला कमी झाला, आणि मला अक्कल नव्हती म्हणून मला ते बरं वाटलं.

अब्बांना मात्र काम लागलं. कुठं? नव्या जिनमध्ये! बंद कारखान्याला गंज चढू नये म्हणून एक माणूस हवा होता. यंत्रं चालू हालतीत नसली तर सेठाचा हिस्सा कमी होणार, अशी त्या कराराची अट होती. म्हणून दर शुक्रवारी नमाजानंतर अब्बा जायचे, प्रत्येक रेचा हातानं फिरवायचे आणि एरंडेल पाजायचे. आमच्या घरी तेव्हा अंबाडीची भाजी नुसत्या मिठात शिजत होती, फोडणीला थेंब नव्हता. रेच्यांना तेल होतं. अब्बा परत आले की अम्मा विचारायची, "बारा नंबरले पाजलं?" अब्बा मान हलवायचे. मला दोघांचाही राग यायचा. त्या बंद ठेवलेल्या यंत्राचा तर इतका, की स्वप्नात मी त्यावर दगड घालायचे.

संक्रांतीनंतर एका सकाळी, शाळा नुकतीच भरली होती, आणि भोंगा वाजला. बारीक आणि लांबलचक. मास्तर थांबले. अख्खा वर्ग खिडकीकडं धावला. नव्या जिनच्या चिमणीतून धूर निघत होता.

मी पाटी टाकून पळाले. नाल्याशी पोचले तर बायकाच बायका. गोदामावशी दुसऱ्या कुठल्याशा रस्त्यावर गिट्टी फोडत होती, ती हातोडीसकट आलेली. आणि जुन्या जिनकडून अम्मा येत होती. धावत. मी तिला धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पदर खाली आलेला, ओटीत वेचलेली पानं तशीच, आणि तोंडानं नुसतं, "मायावाला वाजला, मायावाला वाजला." मागून मुकादमाचा माणूस ओरडत होता की काम टाकून गेली तर परत घेणार नाही. तिनं ऐकलंच नाही.

फाटकात अब्बा उभे होते. "रहिमत," ते म्हणाले, "आयक, हे..." पण पलीकडं मुनीम उभे होते. अब्बांनी मान खाली घातली. अम्मा आत गेली. सगळ्या गेल्या आणि आपापल्या रेच्याशी उभ्या राहिल्या, जागा न विसरता. मी दारातच थांबले. प्रत्येकीच्या बाजूला एक एक टोपली कापूस ठेवलेला. एकच. कापसाच्या कोठीत बघितलं तर नुसती रिकामी फरशी. टोपी घातलेला एक साहेब हातात घड्याळ घेऊन फिरत होता. इंजिनाचा पट्टा फिरू लागला आणि घरघराट उठला. अम्मानं मान तिरपी केली. मूठ, मूठ, मूठ. बाराव्या रेच्यातून रुई अशी पडत होती जशी चाळणीतून रवा. साहेब तिच्याजवळ थांबला, एक पुंजका उचलून बोटांत ताणून पाहिला, मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. टोपल्या संपल्या. पट्टा थांबला. सगळं शांत झालं.

"झालं बायाहो," मुनीम म्हणाले. "तपासनी होती. जिन एकदम अव्वल निघाला. जा आता घरी." आणि प्रत्येकीच्या हातावर गुळाचा एक एक खडा ठेवला. बायका बोलवायला त्यांना कोणाच्या दारी जावं लागलं नव्हतं. भोंगा वाजवला, झालं. गोदामावशीनं गूळ तिथंच फेकला आणि मुनिमाला अशा शिव्या दिल्या की त्या मी लिहू शकत नाही. अम्मानं खडा बारा नंबरच्या रेच्यावर ठेवला आणि निघाली.

ती जुन्या जिनकडं गेली. मुकादमानं फाटक उघडलं नाही. तेही काम गेलं. नंतर माझी शाळाही गेली ती चार वर्षं, पण ते मी दुसरीकडं लिहिलं आहे.

त्या संध्याकाळी अम्मा चुलीशी बसली होती आणि मी तिच्या पाठीशी रडत होते. "मी वाचलं नसतं तं तू सात नंबरवर असती," मी म्हणाले. तेवढं एक वाक्य मी दिवाळीपासून गिळून बसले होते.

अम्मानं पिठाचा गोळा हातात घेतला. "तुले मालूम नोतं," ती म्हणाली. "तू एका शबदाले चुकली. मले तं आत पाय टाकल्याबराबर समजलं होतं. कोठी रिकामी, टोपली एक. आन तुया बापाचं तोंड पाह्यलं होतं मी. एक मूठ जादा टाकली असती, तं रेचा अडकला असता, चामडं जळलं असतं, साहेबानं फुली मारली असती. सेठाचा हिस्सा कमी झाला असता. समजत होतं मले. हातात मूठ घेतली बी होती."

"मंग काहून नाई टाकली?"

"नाई टाकता आली." तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले, पीठ लागलेले. "ह्याहीले समजत नाई ना! ह्या मेल्याईले फक्त बराबर काम करता येते. त्याहीनंच मले दगा देल्ला." आणि ती भाकर थापायला लागली. इतक्या रागानं की परात जमिनीवर सरकत होती, कोंबड्या बिथरून ओट्याखाली पळाल्या, अब्बा दारातून उठून बाहेर गेले. तिनं भाकर उचलून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मी डोळे पुसून पाहिलं. भाकर गोल होती, कडेला एक चीर नव्हती, आणि तव्यावर पडल्या पडल्या टम्म फुगली.